८३० डॉलर आणि स्टेजवर उभी राहणारी मुलगी

या वेळचं पत्र न्यू जर्सीहून आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात देते.

"ताई, मी इथल्या एका काउंटी कॉलेजात (म्हणजे जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) स्टुडंट अॅक्टिव्हिटीज ऑफिसमध्ये पार्टटाइम काम करते. मागच्या वर्षी कॉलेजच्या फाउंडेशनसाठी (कॉलेजसाठी देणग्या घेणारी संस्था) आम्ही काही देशी स्टाफ आणि मंडळातल्या ओळखीच्या लोकांनी मिळून स्कॉलरशिपसाठी दिवाळी डिनर केलं. ६० डॉलर तिकीट, १४० लोक आले, म्हणजे ८,४०० डॉलर जमले. जेवणाला पर प्लेट ३८ प्रमाणे ५,३२० गेले, साउंडवाल्याला ७००, डेकोरेशन ६५०, कार्यक्रम करायला आलेल्या कलाकारांना ९००. हातात राहिले ८३०. मी तीन महिने रात्री अकरा अकरा वाजेपर्यंत बसले होते त्यासाठी. या वर्षी कमिटीला मोठा गाला, म्हणजे निधी जमवायचं थाटाचं डिनर, करायचाय, १२५ डॉलर तिकीट, २५० लोक, इंडियातून सिंगर. आणि म्हणतात लोकांचे खिसे मोकळे व्हायला हवेत तर गरजू विद्यार्थ्यांना स्टेजवर आणून त्यांची कहाणी सांगायला लावा. एक मुलगी मी शोधून दिली, नर्सिंगची आहे, खूप गुणी. ती आधी नाही म्हणाली मग हो म्हणाली, आणि काल माझ्या ऑफिसात येऊन रडली. म्हणाली मला स्कॉलरशिप नको पण ते बोलायला लावू नका. आता मी काय करू? गाला करायचा का? कमिटीला नाही कसं म्हणू? आणि खरं सांगायचं तर मला लोकांकडे पैसे मागायची लाज वाटते म्हणूनच मी तिकिटांच्या मागे लागते."

अगं, तुला तू म्हणते, चालेल ना. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मुलीच्या वाक्यापाशी थांबले. त्यामुळे गालाचं नंतर बघू, आधी तिचं.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातल्या एका संस्थेने आम्हा पंधरावीस मुलांना वह्या आणि फीचे पैसे दिले होते, स्टेजवर मागे बॅनर, त्यावर मोठ्या अक्षरात "गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना मदत". तू पण वाचले असशील असे बॅनर, आपल्याकडे गावोगावी लागतात, देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. माझं नाव पुकारलं, मी गेले, पाहुण्यांनी वह्यांचा गठ्ठा दिला आणि फोटोवाल्यासाठी तो तसाच दोघांनी धरून ठेवायला लावला, किती वेळ ते मला अजून आठवतं कारण समोरच्या तिसऱ्या रांगेत माझ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या आणि त्यांना तोपर्यंत माहीतच नव्हतं की माझी फी भरली गेलेली नाहीये. त्या वह्या मी वापरल्या, पण कव्हरवरचं संस्थेचं नाव दिसू नये म्हणून वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. आज इतक्या वर्षांनी ती मदत किती रुपयांची होती ते मला सांगता येणार नाही पण तिसरी रांग सांगता येते.

पुढे मी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात शिकले, कमवा आणि शिका योजनेत. लायब्ररीत पुस्तकं लावायची, बागेत पाणी घालायचं, ऑफिसात रजिस्टरं भरायची, त्या तासांचा हिशोब होऊन फी आणि मेसचं भागायचं. पैसा तिथेही माझ्याकडे नव्हता, पण तिथे कोणी मला माझी कहाणी सांग असं म्हटलं नाही. संस्थेचं ब्रीदच "स्वावलंबी शिक्षण" आहे. १९१९ साली सुरू झालेली संस्था, तिच्या वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले हे साताऱ्यात शेंबडं पोरसुद्धा सांगतं, आणि बघ, गोष्ट सांगितली जाते ती देणाऱ्या बाईंची. ज्यांच्या पोटात ते अन्न गेलं त्या पोरांची नावं कोणी स्टेजवरून घेत बसत नाही.

म्हणून पहिलं उत्तर स्पष्ट देते, ती मुलगी स्टेजवर जाणार नाही. हो म्हणाली असली तरी नाही. जिच्या हातात तुमच्या स्कॉलरशिपचा निर्णय आहे तिच्याकडून आलेल्या विनंतीला विद्यार्थ्याने दिलेला होकार हा मोकळ्या मनाचा होकार नसतो, आणि ती रडून गेली म्हणजे तिने तुला खरं उत्तर दिलेलं आहे.

कमिटीला हे सांगताना भावनेच्या वाटेने जाऊ नकोस, वाद होईल आणि तू हळवी आहेस असं म्हणतील. तू कॉलेजच्या नियमाच्या वाटेने जा. अमेरिकेत १९७४ पासून फर्पा नावाचा कायदा आहे, विद्यार्थ्याचं शैक्षणिक रेकॉर्ड कॉलेजला त्याच्या लेखी संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही आणि फायनान्शियल एडची, म्हणजे शिक्षणासाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीची, माहिती त्यातच येते. तू कॉलेजची कर्मचारी आहेस, ऑफिसात बसून कोणाला मदतीची गरज आहे हे तुला कळलं आणि तू ते नाव कमिटीला दिलंस, हे तुझ्यासाठीसुद्धा बरं नाही, हे प्रेमाने सांगते. पुढच्या वेळी नाव देऊ नकोस. फायनान्शियल एड ऑफिस आणि फाउंडेशनची सिलेक्शन कमिटी नावं बघेल, कार्यक्रमाच्या कमिटीने नावं बघायचीच नाहीत. हे ईमेलमध्ये दोन ओळीत लिही, कोणी वाद घालणार नाही.

पण मग लोकांना समजणार कसं की पैसा कशाला हवाय, असं ते विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की शिकून बाहेर पडलेल्यांना बोलवा. पाच वर्षांपूर्वी याच कॉलेजातून नर्सिंग करून आज हॉस्पिटलमध्ये आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, असलेली कोणी बाई, कोणी एचव्हीएसीचा (हीटिंग आणि एसीच्या कामाचा) कोर्स करून स्वतःचा ट्रक घेतलेला माणूस, ते स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या शब्दात, आता त्यांच्या डोक्यावर कोणाचं ओझं नसताना बोलतील. तुझ्या ओळखीत असा कोणी नसेल तर एखाद्या प्रोफेसरला पाच मिनिटं दे, माझ्या वर्गात मुलं कशामुळे गळतात ते सांगा म्हणावं, नाव न घेता. मी असं एका प्रोफेसरांना बोलताना ऐकलंय, ते म्हणाले माझा विद्यार्थी गणितात नापास झाला नाही, त्याच्या गाडीचा अल्टरनेटर गेला. सगळा हॉल शांत झाला होता.

आता ८३० डॉलर.

तुला वाटतंय तुमचा कार्यक्रम फसला. मला वाटतं कार्यक्रम छान झाला, १४० माणसं एका काउंटी कॉलेजच्या नावाने एकत्र जेवली, जे लोक आपल्या मुलांसाठी फक्त रटगर्स आणि प्रिन्स्टनची नावं घेतात त्यांनी पहिल्यांदा हे कॉलेज आतून बघितलं असेल. फसलं ते हे की त्या जेवणाकडून तुम्ही पैशाची अपेक्षा केलीत. ६० डॉलरच्या तिकिटातले ३८ ताटात गेले, आणि वरच्या खर्चाचे माणशी सोळा, म्हणजे प्रत्येक पाहुण्यामागे स्कॉलरशिपला सहा डॉलर सुद्धा आले नाहीत. आणि पाहुणा मात्र घरी जाताना समजतो की मी ६० डॉलर दान केले! आता त्याच्याकडे परत मागायला गेलीस तर तो म्हणणार, दिले की दिवाळीला. हे सगळ्यात मोठं नुकसान, ते तुझ्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

गाला केलात तर हाच हिशोब मोठ्या आकड्यात होईल. २५० गुणिले १२५ म्हणजे ३१,२५० दिसायला छान दिसतात पण ते सगळी तिकिटं गेली तर. सिंगर, त्याच्या साथीदारांची विमानतिकिटं, हॉटेल, व्हिसाचं काम, मोठा साउंड, बँक्वेट हॉल, हे सगळं आधी कबूल करावं लागतं आणि अॅडव्हान्स द्यावा लागतो, तिकिटं नंतर विकली जातात. शेवटच्या आठवड्यात ८० तिकिटं शिल्लक राहिली की अर्ध्या किमतीत, मग फुकट, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्यांच्याकडे दहा दहा हजार देऊन टेबल घेणारे माजी विद्यार्थी आहेत त्या मोठ्या युनिव्हर्सिटीला गाला परवडतो. काउंटी कॉलेजचे माजी विद्यार्थी नर्स आहेत, पॅरालीगल आहेत, डेकेअर चालवतात, ते देतील पण टेबल नाही घेणार. त्यामुळे माझं मत विचारशील तर गाला करू नका. आणि कमिटी अडूनच बसली तर एकच अट घाल, सगळा खर्च स्पॉन्सरकडून आधी लेखी मिळाल्याशिवाय हॉलचा अॅडव्हान्स जाणार नाही, आणि तिकिटातला एक पैसा खर्चाला वापरायचा नाही. ही अट घातली की गाला किती जणांना खरंच हवाय ते पंधरा दिवसात कळतं.

मग पैसा आणायचा कुठून. तर पैसा फंडातून, हे नाव तू आजी आजोबांकडून ऐकलं असशील किंवा तळेगावला गेली असशील तर. अंताजी दामोदर काळे म्हणून गृहस्थ होते, त्यांनी गावोगाव फिरून लोकांकडून एकेक पैसा गोळा करायचा ध्यास घेतला, टिळकांचा पाठिंबा मिळाला, आणि त्या पैशापैशातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला. मी जेव्हा जेव्हा कोणाला महिन्याला दहा डॉलरची गोष्ट सांगते तेव्हा मला हेच डोळ्यापुढे येतं. शंभर माणसं महिन्याला दहा डॉलर, वर्षाचे १२,०००. कार्डाची फी ढोबळ तीन टक्के धर, तरी ११,६०० च्या वर उरतात. तुमच्या दिवाळी डिनरच्या जवळजवळ चौदापट, आणि एकही प्लेट नाही. मागच्या वर्षीची १४० माणसं तुझ्या यादीत आहेतच, त्यातली शंभर नाही मिळणार, कदाचित पस्तीस मिळतील पहिल्या वर्षी. पस्तीस म्हणजे ४,२००. तरी पाचपट. आणि पुढच्या वर्षी ते परत शून्यापासून सुरू करावं लागत नाही, हा फरक मला फार मोलाचा वाटतो कारण तुझ्या रात्री वाचतात.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांना माहीत असते आणि तरी कोणी करत नाही. तिथल्या बऱ्याच फार्मा, आयटी, बँका, इन्शुरन्स कंपन्यांमध्ये मॅचिंग गिफ्ट असतं, कर्मचाऱ्याने रजिस्टर्ड संस्थेला दिले तेवढेच कंपनी घालते, बऱ्याच ठिकाणी बेनेव्हिटीसारख्या पोर्टलवर दोन मिनिटात होतं. कॉलेजचं फाउंडेशन ५०१सी३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असेल तर चालतं, त्याचा टॅक्स आयडी नंबर तुझ्या मेसेजमध्ये घालूनच ठेव म्हणजे समोरच्याला शोधावा लागणार नाही. बहुतेक कंपन्यांची मुदत कॅलेंडर वर्षावर असते त्यामुळे वर्ष संपायच्या आधी आठवण कर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी, गिव्हिंग ट्युसडेला, सगळेच मागत असतात आणि लोकांची द्यायची तयारी असते. २०१२ पासून हा दिवस चालू आहे, आता तुझ्या मंडळातल्या लोकांनाही तो ठाऊक असेल.

लाजेचं म्हणतेस ना. मला ती लाज समजते, आपल्या घरात शिकवलेलंच असतं की कोणापुढे हात पसरायचा नाही. पण धोंडो केशव कर्वे १९२९ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, महिला विद्यापीठासाठी परदेश दौऱ्यावर निघाले, युरोप, तुझी ती अमेरिका, जपान, ठिकठिकाणी व्याख्यानं दिली आणि पैसे मागितले. धोतरापेक्षा जास्त बडेजाव माहीत नसलेला माणूस. परत आले आणि थोड्याच महिन्यांत आफ्रिकेला गेले, पुन्हा मागायला. स्वतःसाठी मागणं आणि दुसऱ्याच्या मुलीसाठी मागणं यात आपल्या समाजाने कायम फरक केलाय, तू दुसरं करतेयस. तेव्हा मान वर करून माग.

आणि माग म्हणजे ग्रुपवर फॉरवर्ड टाकू नकोस. ग्रुपवर टाकलेल्याला अंगठा मिळतो. एकेकाला फोन कर, आठवड्याला पाच, संध्याकाळी आठनंतर, आणि सरळ बोल. "मी कॉलेजच्या इमर्जन्सी फंडासाठी फोन केलाय. मुलं पैशावाचून मधेच सोडतात, दोन अडीचशे डॉलरसाठी. तुम्ही महिन्याला दहा डॉलर एक वर्षभर द्याल का?" एवढंच. आकडा आणि मुदत दोन्ही सांगायचं आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं अवघड जातं, आपल्याला वाटतं काहीतरी बोलून समोरच्याला सोडवावं, "नाही जमलं तरी काही हरकत नाही हं" असं आपणच म्हणून टाकतो. ते म्हणू नकोस. नाही म्हणाले तर थँक्यू म्हण आणि पुढच्या वर्षीही फोन कर. सुरुवात स्वतःपासून कर, तुझे दहा डॉलर आधी चालू झालेले असले की आवाज वेगळा लागतो, हे मी अनुभवाने सांगते.

आता हा पैसा कशावर खर्च व्हावा, यावर कमिटीत कोणी बोलतच नाही असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं, आणि माझ्या मते हे गालापेक्षा महत्त्वाचं आहे. न्यू जर्सीत १८ काउंटी कॉलेजं आहेत आणि राज्याची कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट आहे, घरचं वार्षिक उत्पन्न ६५,००० डॉलरपर्यंत असेल आणि विद्यार्थ्याने टर्मला किमान ६ क्रेडिट घेतले असतील तर बाकीच्या ग्रँट वजा जाऊन ट्युशन (म्हणजे कॉलेजात शिकण्याची मूळ फी) आणि मंजूर फीचा जो भाग उरतो तो राज्य भरतं. हे वाक्य परत वाच, बाकीचं वजा जाऊन. म्हणजे तुमच्या स्कॉलरशिपवर "ट्युशनसाठी" असं लिहिलंत तर तुमचे ५०० डॉलर गेले आणि राज्याचे तेवढेच कमी झाले, मुलीच्या हातात काहीच जास्त पडलं नाही. म्हणून देणगीच्या कागदावर पुस्तकं, प्रवास, परीक्षेची फी, मुलं सांभाळण्याचा खर्च असं लिहून घ्या, आणि लिहिण्याआधी फायनान्शियल एडच्या माणसाला भेटून विचार की कुठल्या शब्दात लिहिलं तर कोणाचीही दुसरी मदत कापली जाणार नाही. अर्ध्या तासाची मीटिंग आहे ती. मी कितीतरी चांगल्या देणग्या या एका शब्दापायी वाया जाताना बघितल्यात.

काउंटी कॉलेजातली मुलं म्हणजे मुलं तरी कुठे असतात. कोणी रात्रपाळी करून आलेलं, कोणाला दोन लेकरं, होस्टेल बहुतेक ठिकाणी नसतंच त्यामुळे गाडी बंद पडली की शिक्षण बंद. नर्सिंग पूर्ण झालं तरी लायसन्सच्या एनक्लेक्स परीक्षेची २०० डॉलर फी वेगळी, शिवाय राज्याच्या लायसन्सची वेगळी, आणि तेव्हा ती कॉलेजची विद्यार्थिनी राहिलेली नसते त्यामुळे तिला कुठलीच ग्रँट नसते. तुझ्याकडे आलेली मुलगी याच रांगेत उभी असेल उद्या. मला विचारशील तर त्या पहिल्या ४,२०० मधून मोठी एकच स्कॉलरशिप देऊ नका, २०० ते ३०० च्या पंधरा सोळा इमर्जन्सी मदती ठेवा, एका पानाचा फॉर्म, निबंध लिहायला लावायचा नाही, आणि तीन दिवसात उत्तर. निबंध मागितला की परत तीच स्टेजवरची कहाणी झाली, फक्त कागदावर.

आपल्या लोकांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगते जी कमिटीला पटकन कळेल. एच-४ वर, म्हणजे एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेली आपली कितीतरी मुलं या कॉलेजांत आहेत. त्यांना पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत मिळत नाही, कुठलीच फेडरल मदत मिळत नाही, आणि काम करून कमवायचीही परवानगी नाही, आणि २१ पूर्ण झाले की स्टेटसच बदलायला लागतो. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्यांनाही फेडरल मदत नाही. तुमच्या फाउंडेशनचा पैसा हा खाजगी पैसा आहे, त्यामुळे फॉर्मवर फाफ्सा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, कंपल्सरी ठेवलात तर ही सगळी मुलं दारातच अडतील. "फाफ्सा असल्यास जोडावा, नसल्यास फायनान्शियल एड ऑफिसशी बोलावं" एवढा बदल करून घे. पण याच बरोबर हेही सांगते की फक्त मराठी किंवा फक्त इंडियन मुलांसाठी असं काही ठेवू नका, मंडळातून तसा आग्रह येईल. कॉलेज काउंटीचं आहे, सगळ्यांच्या टॅक्सवर चालतं, आणि ग्वाटेमालाच्या मुलीच्या गाडीचा अल्टरनेटर आपल्या पैशाने दुरुस्त झाला तर मला त्यात आनंदच वाटेल. देणाऱ्याने अमुकच मुलाला द्या असं म्हटलं तर त्याची टॅक्सची सवलतही जाते, हे सांगितलंस की आग्रह आपोआप कमी होतो.

कोणी म्हणेल एंडोमेंट करा, आईवडिलांच्या नावाने. चांगली कल्पना आहे पण आकडा समजून घ्या, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि वर्षाला ढोबळ चार टक्के वापरायचे म्हटलं तर २५,००० वर १,००० डॉलर सुटतात. ज्याच्याकडे तेवढे आहेत त्याने जरूर द्यावेत, तुम्ही मात्र छोट्या छोट्या देणग्या साठवून एंडोमेंटच्या मागे लागू नका, आत्ता बसचा पास नसलेल्याला दहा वर्षांनी व्याज मिळून काय उपयोग.

तिकीट लावून काही केलंत तर कागदपत्रांचं पटकन सांगते. ७५ डॉलरच्या वरच्या तिकिटावर जेवणाची किंमत किती आणि देणगी किती हे पाहुण्याला लेखी द्यावं लागतं, १२५ च्या तिकिटात ५० चं जेवण असेल तर त्याला ७५ चीच वजावट. २५० आणि वरच्या देणगीला फाउंडेशनची पावती हवीच. रॅफल, म्हणजे तिकीट लावून बक्षिसाची सोडत, करायची असेल तर न्यू जर्सीत आधी राज्याच्या कमिशनकडे रजिस्ट्रेशन आणि गावाकडून लायसन्स लागतं, जमलेले अर्धे पैसे जिंकणाऱ्याला देतात त्या फिफ्टी-फिफ्टीला सुद्धा, शाळेत सगळे करतात म्हणून आपणही केलं असं चालत नाही. घरून डबे करून विकायचे असतील तर टाउनच्या हेल्थ डिपार्टमेंटला आधी फोन कर. आणि पैसे कोणाच्या पर्सनल झेलवर (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) घेऊ नका, कितीही भरवशाचा माणूस असला तरी, सगळं थेट फाउंडेशनच्या लिंकवर.

आणि दिवाळी? दिवाळी कर ना! पण कॅम्पसवर कर, दुपारी बारा ते दोन, मुलांसाठी, फुकट. शनिवारी रात्री सातला या कॉलेजातला एकही विद्यार्थी येऊ शकत नव्हता तुमच्या डिनरला, तो कामावर होता, आणि आला असता तरी ६० डॉलर कुठून देणार होता. ज्यांच्या नावाने जेवण झालं ते त्या हॉलमध्ये नव्हतेच, हे तुला पण खटकलं असणार. स्टुडंट क्लबच्या नावाने खोली बहुतेक फुकट मिळते, चकली चिवडा करंजी, रांगोळीला सगळ्यांनी हात लावायचा, कोपऱ्यात फूड पँट्रीचं (गरजूंना फुकट शिधा देतात ती) आणि इमर्जन्सी फंडाचं टेबल, फॉर्म तिथेच ठेवायचे, कोण घेतंय कोणी बघणार नाही इतकी गर्दी असली पाहिजे. मंडळातल्या लोकांना वाढायला बोलव, पाहुणे म्हणून नको. एका दुपारी पंचवीस वेगवेगळ्या मुलांना पानात करंजी वाढलेला माणूस तुझा फोन कधीच टाळणार नाही, आणि हा कार्यक्रम पैसे आणणार नाही हे आधीच सगळ्यांना सांगून टाक म्हणजे शेवटी कोणी हिशोब मागणार नाही. मांडामांड, साउंड, आवराआवर याला विद्यार्थीच घे पण त्यांना तासाचे पैसे दे, ज्यांना कायद्याने काम करता येतं त्यांना. बजेटमध्ये ती ओळ पहिली लिही. साताऱ्यात लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे तास लिहिलेले असायचे आणि ते वाचताना मला कधी मान खाली घालावीशी वाटली नाही.

आता क्रम सांगते कारण तू घाईत सगळं एकदम करायला जाशील. कमिटीची मीटिंग, ईमेल, बजेट, हे सगळं पुढच्या आठवड्यात. उद्या सकाळी ऑफिसला गेलीस की आधी त्या मुलीला बोलव, किंवा तिच्या क्लासबाहेर उभी राहा, आणि तिला सांग की तुझं बोलणं रद्द झालंय, मी रद्द केलंय, आणि तुझ्या स्कॉलरशिपशी याचा काही संबंध नाही, फॉर्म भर. रद्द "कमिटीने" केलं असं नको म्हणू, मी केलं म्हण. तिला शोधून तू दिली होतीस ना, म्हणून. आणि एनक्लेक्सच्या त्या २०० डॉलरबद्दल तिला आत्ता काही बोलू नकोस, फंडात पैसे आले की नोटीस सगळ्यांसाठी लागेल, तेव्हा ती स्वतः वाचेल.

पहिले पाच फोन झाले की मला लिही, कोण काय म्हणालं ते. वाट बघते.

तुझी ताई